अलोऱ्याचा मुका लॅपटॉप

आमच्या धंद्यात माणूस दारात चप्पल काढायच्या आधी निदान सांगून मोकळा होतो. "बाई, फॉरमॅट मारायला लागेल ना?" मी काय पाटी पुसायला बसले आहे? अठ्ठावीस वर्षं रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त केले. शाळांचे, पतपेढ्यांचे, आंबेवाल्यांचे. फॉरमॅट किती मारले ते आठवत नाही, पण न मारता सोडवलेली मशिनं नावानिशी आठवतात. हट्टी बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मी मेहनतीने मिळवली आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग. बुरोंडीच्या एका बर्फवाल्याने खाऱ्या हवेला भिऊन अख्खं मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने आवळलं होतं. आत पंखा गुदमरून मशीन दर अर्ध्या तासाने बंद पडायचं. मी पिशवी काढली तर म्हणतो, "बाय, तुमी ती काडलीत, आता गंजला तर तुमच्या माथी हां!" दुसरे एक निवृत्त भाऊसाहेब. त्यांना कसलाच बदल नको असायचा. "नवीन काही टाकू नका, आहे तेच तेवढं नवं करा." मी अजून विचार करते आहे की त्यांना काय हवं होतं.

पण आज लिहायचंय ते मिलिंदच्या लॅपटॉपबद्दल. हे प्रकरण दोन पावसाळ्यांपूर्वीचं. मी दुकान बंद करून घरी बसले होते, आणि मागल्या दारच्या धोंडीवरच्या शेवाळावरून घसरून उजवा पाय प्लास्टरमध्ये घालून घेतला होता.

मिलिंद अलोऱ्याचा. चिपळूणच्या एका कार्यालयात लिपिक. तिशीत असताना त्याची नजर हळूहळू गेली, पार गेली. घरात बायको सुजाता, ती अंगणवाडीत मदतनीस. माझं बालपण तिथून जवळच, पोफळीच्या कॉलनीत गेलेलं, वडील कोयनेच्या वीजघरात ऑपरेटर. म्हणून नजर गेल्यावर कुणीतरी ओळख काढून त्याला माझ्याकडे पाठवलं. मी त्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातलं. ते फुकट असतं हे एक, आणि त्यात पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवायची सोय असते हे दुसरं. मराठी वाचणारा आवाज नीट बसवायला मला अलोऱ्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेला मशीनने त्याचं नाव उच्चारलं, तेव्हा तो पठ्ठ्या म्हणतो कसा, "ताई, हिला सर्दी झालीय काय?"

त्यानंतर दोन वर्षं तो कार्यालयात स्वतःचा लॅपटॉप नेऊन काम करत होता. ईमेलने आलेलं टपाल ऐकायचा, उत्तरं टाइप करायचा, छापून सहीला पाठवायचा. मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, उलट दयाळू होता, आणि तीच अडचण होती. ते म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? दाराशी खुर्ची टाकून देतो. बसा निवांत. पगार चालूच राहील." मिलिंदने सांगितलं, "साहेब, मी बसायला नाय येत हितं." साहेब म्हणाले, ठीक, सोमवारी अकरा वाजता माझ्यासमोर काम करून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं. नाहीतर खुर्ची.

हे मला शनिवारी संध्याकाळी फोनवर कळलं. फोन सुजाताचा. "जय भीम, ताई. मशीन बोलत नाय."

"म्हणजे?"

"आवो, मुकं झालंय! काळी पाटी दिसते नि पांढरी अक्षरं. ह्यांनी सकाळधरनं काय खाल्लं नाय."

मग मिलिंदने फोन घेतला आणि झालं ते सांगितलं. सोमवारी काही अडायला नको, म्हणून सकाळी त्याने सगळं सॉफ्टवेअर ताजं करायला घेतलं, म्हणजे अपडेट. दर महिन्याला तो ते करायचाच. या खेपेला मशीनने मध्येच एक लांबलचक प्रश्न विचारला. त्याने 'वाय' दाबलं, म्हणजे होय. मग इंटरनेटवरून माल उतरू लागला तो संपेचना. दुपारपर्यंत उतरतच होता. शेवटी उतरला, बसायला लागला, आणि वाऱ्याने फांदी तारेवर पडून लाईट गेली. कोयनेची वीज अख्ख्या महाराष्ट्राला जाते, नि अलोऱ्यात दिव्याखाली अंधार! लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, वायरीवर जगणारा तो. जागच्या जागी बंद पडला. लाईट आल्यावर चालू केला तर आवाज नाही.

"माझंच चुकलं, ताई," तो म्हणाला. "वाय दाबायला नको होतं."

आमचे हे बाजूला बसून कैरीचं लोणचं चाखत होते. ते म्हणाले, "फॉरमॅट मारायला सांग की." घरचा भेदी तो हाच. मिलिंदने आधी चिपळूणच्या दुकानदाराला विचारलं होतं, त्याने बुधवारचा वायदा दिला होता. माझा पाय प्लास्टरमध्ये. आणि फॉरमॅट मारून तो आवाज पुन्हा बसवायचा, तर माझ्या तीन खेपांचं काम कुणाच्या डोक्यात होतं? माझ्या. व्हिडिओ कॉल करून बघितला तर चित्र थिजलेलं. फोटो पाठवले ते गोल गोल फिरत राहिले. आवाज तेवढा येत होता.

"मिलिंद," मी म्हटलं, "तुझी बोटं शाबूत आहेत ना?"

"आहेत."

"सुजाताला इंग्रजी अक्षरं येतात?"

पलीकडून तीच ओरडली, "एबीसीडी येते! पन वाचून समजत नाय काय!"

"समजायचं माझ्याकडे लागलं. तू नुसती अक्षरं सांग."

अशी आमची तिघांची मोट बांधली. मी सांगणार, मिलिंद न बघता टाइप करणार, सुजाता पडद्यावरचं एकेक अक्षर फोनवर वाचणार. त्याने नाव आणि पासवर्ड टाइप केला. सुजाता म्हणाली, "एस आला, त्याच्या पोटातनं उभी दांडी गेलीय." ते डॉलरचं चिन्ह, म्हणजे मशीनने त्याला आत घेतलं. मुकं होतं, मेलेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

आता इथे थोडं शिकवणं भाग आहे. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर बाजारात शोधत हिंडायचं नसतं. इंटरनेटवर त्याची कोठारं असतात, त्यांना रिपॉझिटरी म्हणतात. मशीनमध्ये एक छोटी फाईल असते. कुठल्या कोठारातून कुठल्या आवृत्तीचा माल आणायचा, ते तिच्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. मशीन मुकाट त्या ओळीप्रमाणे चालतं. ओळ बरोबर तर सगळं बरोबर. म्हणून मी मिलिंदला पहिल्यांदा ती फाईल उघडायला लावली आणि सुजाताला म्हटलं, वाच.

तिने कोठाराचा पत्ता वाचला. तो ठीक होता. मग म्हणाली, "पुढं एस. टी. ए. बी. एल. ई."

मी गप्प झाले.

स्टेबल. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला स्वतःचं नाव असतं, बारसं केल्यासारखं. त्या ओळीत ते नाव लिहायचं असतं. पण नावाऐवजी नुसतं 'स्टेबल' लिहिलं तरी चालतं. त्याचा अर्थ, आज जी आवृत्ती पक्की मानली जाते ती. पत्रावर सरपंचाचं नाव न घालता 'विद्यमान सरपंच' लिहावं तसं. निवडणूक होईपर्यंत पत्र बरोबर घरी जातं. निवडणूक झाली की तेच पत्र दुसऱ्याच्या घरी. मिलिंदच्या मशीनवर जुनी आवृत्ती होती. मध्यंतरी नवी आवृत्ती पक्की जाहीर झाली, आणि त्या एका शब्दामुळे महिन्याच्या साध्या अपडेटऐवजी अख्खं घर बदलायचा माल येऊन पडला. मशीनने तसं विचारलंही होतं, की बाबा, आवृत्ती बदलली आहे, चालेल का? त्याने वाय दाबलं.

आणि ती ओळ मी लिहिली होती. नावाऐवजी स्टेबल लिहिलं की दर दोन-तीन वर्षांनी अलोऱ्याला जाऊन बदलायला नको, एवढा माझा आळस. वाय दाबायलाही मीच शिकवलं होतं. त्याने तेव्हा विचारलं होतं, "मशीन काय विचारेल, ताई?" मी म्हटलं होतं, "विचारेल काहीतरी. तू नुसतं वाय दाब, डोकं लावू नको."

वीजघरात माझे वडील कुठल्याही स्विचला हात लावण्याआधी त्याच्यावरची पाटी मोठ्याने वाचायचे, स्वतःलाच ऐकू जाईल अशी. त्यांच्या मुलीने एका माणसाला न वाचता बटण दाबायला शिकवलं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की प्लास्टरमधला पायही गरम झाल्यासारखा वाटला. मिलिंद पलीकडून पुन्हा म्हणाला, "माझ्यामुळं झालं सगळं." तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. आता त्याला धीर हवा, हे नंतर सांगू, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण एवढंच की त्याच्या घरात मला मान होता आणि तो मला घालवायचा नव्हता.

"उद्या सकाळी आठला बसू," मी म्हटलं. "आधी जेव तू."

काय करायचं ते मी रात्रीत ठरवलं. मागे फिरायचं की पुढे जायचं, हे दोन रस्ते. अर्धी नवी वीट लागलेली भिंत पाडून पुन्हा जुनी उभी करणं फार जिकिरीचं, आणि तसं करायला कुणी सांगत नाही. पण माल तर आधीच सगळा उतरला होता. लिनक्स आधी सगळं सामान घरात आणून ठेवतं आणि मगच लावायला घेतं. म्हणजे नेट नसलं तरी अर्धवट राहिलेलं काम पुरं करता येणार होतं. आता पुढेच जायचं.

रविवारी आठला सुरुवात केली. मी हुकूम सांगितला: जे जे अर्धवट बसलंय ते पुरतं बसव. मिलिंदने टाइप केला. पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू झाला आणि सुजाताची दमछाक. एका ओळीला साठ-सत्तर अक्षरं, ती एकेक वाचणार, तोवर दहा ओळी वर सरकलेल्या.

"जल्लं मेलं, थांबतच नाय हे!"

"थांब. सगळं नको वाचू. शेवटची ओळ तेवढी सांग."

थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "ताई, सगळ्या ओळींची सुरवात सारकीच हाय बगा. पयला शब्द तोच. मदला तेवडा बदलतो. मी मदलाच सांगू काय?" मी थक्क झाले. जे मी नव्या पोरांना शिकवायला आठवडा घालवायचे, ते हिने तासाभरात अंगणवाडीच्या डोळ्यांनी हेरलं. त्यानंतर आमची गाडी धावायला लागली. चुकीची ओळ आली की तिला इंग्रजी न समजताही कळायचं. "ही येगळी हाय," ती म्हणायची, आणि ती खरोखर वेगळी असायची.

सॉफ्टवेअरचा एक गठ्ठा, म्हणजे पॅकेज, लाईट जाताना फाटला होता, तो नव्याने उतरवावा लागला. मिलिंदच्या फोनचं नेट लॅपटॉपला जोडलं आणि रेंजसाठी तो फोन खिडकीच्या गजाला टांगला. तेवढ्या एका गठ्ठ्याला पाऊण तास लागला. आमच्या ह्यांनी मधल्या वेळात मला चहा आणून दिला आणि म्हणाले, "अजून फॉरमॅट नाहीच?"

दुपारी एकच्या सुमाराला ओळी थांबल्या. सुजाता म्हणाली, "आता ह्यानं कायतरी विचारलंय. शेवटाला प्रश्नचिन्ह हाय."

मिलिंदचा आवाज आला, "ताई, वाय दाबू?"

"हात काढ!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की आमचे हे चमचा टाकून उठले. "अजिबात दाबायचं नाही. सुजाता, पहिल्यापासून वाच. एकही अक्षर सोडू नको."

वीस मिनिटं लागली त्या प्रश्नाला. ती अक्षरं सांगत होती, मिलिंद ती जोडून शब्द करत होता, आणि मी मुद्दाम गप्प बसले. मी नेहमीसारखं उत्तर सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. पण मला ते पुन्हा करायचं नव्हतं. शेवटी मिलिंद सावकाश म्हणाला, "ताई, ही आवाजाच्या सेटिंगची फाईल आहे. आपण ती बदललेली हे त्याला दिसलंय. आता विचारतंय, तुमची ठेवू की नवी कोरी आणू. म्हणजे वाय दाबलं तर आपला मराठी आवाज जाणार."

"मग?"

"मग नाय. एन."

"दाब," मी म्हटलं.

काम संपलं तेव्हा चार वाजले होते. ती कोठारांच्या यादीची फाईल पुन्हा उघडायला लावली, स्टेबल खोडून तिथे नव्या आवृत्तीचं नाव घालायला सांगितलं. मिलिंदने विचारलं, "हे का बदलायचं?" मी म्हटलं, "उद्या सांगते." मग मशीन बंद करून चालू केलं. फोनवर पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता. आणि मग लांबून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा तो सर्दीवाला आवाज आला. काय म्हणाला ते मला ऐकू गेलं नाही. सुजाता रडायला लागली आणि मिलिंद तिला म्हणत होता, "अगं गप, मला ऐकू दे!"

त्या संध्याकाळी त्याने चार तास सराव केला, असं नंतर सुजाताने सांगितलं.

सोमवारी अकराला मी घड्याळासमोर बसले. साडेअकरा, बारा, साडेबारा. शेवटी एकला फोन आला.

"ताई, साहेबांनी एक पत्र तोंडी सांगितलं. मग म्हणाले, आता आलेल्या टपालातलं शोधून दाखवा. दाखवलं. मग त्यांनी माझे हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. म्हणाले, एवढ्या वेगात बोलतंय, तुम्हाला कळतं कसं? मी म्हटलं, सवय."

"मग?"

"मग काय. दाराशी खुर्ची टाकलेली ती शिपायाने उचलून नेली. टेबल माझं."

मी हसले, आणि हसता हसता मला राहवेना. म्हटलं, "मिलिंद, ऐक. ती स्टेबलची ओळ मी लिहिलेली होती. आळसाने. आणि वाय दाबायला पण मीच सांगितलेलं. तुझं काही चुकलं नव्हतं. शनिवारीच कळलं होतं मला, पण बोलले नाही."

पलीकडून तो म्हणाला, "माहीत आहे, ताई."

"कसं?"

"त्या फाईलला शनिवारपर्यंत माझा हात कधी लागलाच नाय. दोन वर्षांत ती तुम्हीच एकदा उघडलेली. सुजाताने स्टेबल वाचलं नि तुम्ही गप्प झालात. एवढं कळायला डोळे लागत नायत."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही वाईट वाटून घेत बसला असता, तर माझ्या सोमवारचं काय झालं असतं?"

साहेबांना वाटत होतं की ह्याला काम जमणार नाही, म्हणून ते खुर्ची द्यायला निघाले होते. मला वाटत होतं की ह्याला कारण समजावून काय करायचंय, म्हणून मी नुसता 'वाय' दिला होता. साहेबांवर मी दोन दिवस तोंडसुख घेत होते. त्यांनी निदान एका दिवसात आपलं मत बदललं. मला दोन वर्षं लागली.

"ताई," तो म्हणाला, "पाय बरा झाला की या. मला सगळं शिकवा. वाय कधी दाबायचं, कधी नाय, आणि का."

प्लास्टर निघाल्यावर मी एसटीने अलोऱ्याला गेले. दोन दिवस राहिले. सुजाताने सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी घातली, आणि शिकायला तीही बाजूला बसली. मी आधी यादीच्या फाईलपासून सुरुवात केली.

मागच्या आठवड्यात मी असाच सहज फोन केला, तर स्वारी कामात. म्हणाला, "सकाळी अपडेट घेतलं, ताई. मशीनने कायतरी विचारलं. दोनदा ऐकलं. पटलं नाय, म्हणून एन दाबलं."

"काय विचारलं होतं रे?" मी विचारलं. जुनी खोड.

"सावकाश सांगतो. साहेबांनी टपाल दिलंय, ते आधी काढू दे," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.